एक मीटरच्या फळीवर मॉडेल रेल्वे, गोदीची साइडिंग (वॅगनी उभ्या करायचा बाजूचा रूळ) करायचीय, आणि ती लोकलने नेता आली पाहिजे. सल्ला हवा

शिवडी_साइडिंग

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. आम्ही शिवडीला राहतो, वन रूम किचन, घरात चार माणसं, त्यामुळे लेआउटसाठी (मॉडेल रेल्वेच्या मांडणीसाठी) वेगळी खोली सोडा वेगळं टेबलसुद्धा शक्य नाही. पण दाराजवळ चपलांचं कपाट आहे, त्याच्या वरची जागा घरच्यांनी मला देऊन टाकली. मोजली तर लांबी १०५ सेंमी, रुंदी २८, आणि वर लाइटचा मीटर आहे म्हणून उंची ४० च्या आत ठेवायला लागेल.

लहानपणी पुण्याला कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम बघितलेलं तेव्हापासून हे वेड आहे, पण तिथून आलं की वाटायचं एवढी जागा, एवढ्या गाड्या, हे आपल्या घरात कधी व्हायचंच नाही, म्हणून इतकी वर्षं काहीच केलं नाही.

करायचंय काय तर बीपीटीची, म्हणजे बॉम्बे पोर्ट ट्रस्टची रेल्वे. माझे आजोबा गोदीत होते, वडील शाळेत असताना त्यांना जेवणाचा डबा द्यायला जायचे तेव्हा वॅगनी रस्ता क्रॉस करायच्या आणि पुढे एक माणूस झेंडी घेऊन चालायचा, हे वडिलांनी मला शंभरदा सांगितलंय. ही रेल्वे १९१५ ला सुरू झाली, बॅलार्ड पिअरपासून इकडे वडाळ्यापर्यंत. आता रे रोड, कॉटन ग्रीनच्या पूर्वेला चालत गेलं तर मधेच डांबरातून रुळाची एक कड वर आलेली दिसते, बाकी काही नाही. मला पूर्ण गोदी नकोय, एखादं धान्याचं गोडाऊन, त्याच्या ओट्याला लागलेल्या तीन-चार वॅगन आणि एक छोटं डिझेल शंटिंग इंजिन (वॅगनी इकडून तिकडे लावणारं) एवढंच.

प्रश्न असे की एन स्केल (खऱ्याच्या १६० पट लहान) घेऊ का एचओ (८७ पट लहान)? एवढ्या जागेत गाडी गोल फिरणार नाही, मग ती करणार काय, नुसती पुढे मागे? आणि चेंबूरला बहिणीच्या सोसायटीत गणपतीत मुलांसाठी हॉलमध्ये हस्तकलेचं वगैरे प्रदर्शन असतं, तिने आत्ताच सांगून टाकलंय की माझा भाऊ रेल्वे आणणार, म्हणजे शिवडी ते चेंबूर हार्बरने न्यायचाय. टॅक्सीचा विचार आहे पण परतीला रात्री मिळेलच असं नाही.


जुना_शंटर

शिवडीकर, जागा कमी आहे हे मनातून काढून टाक. कार्ल अॅरेंट म्हणून एक अमेरिकन गृहस्थ होते, २०११ ला गेले, त्यांनी अशा टीचभर लेआउटचा अक्षरशः ध्यास घेतला होता आणि त्यांचा मायक्रो लेआउटचा हिशोब होता चार स्क्वेअर फुटांच्या आत. तुझी फळी १ मीटर बाय २५ सेंमी धरली तर पावणेतीन स्क्वेअर फूट होते. जगभर माणसांनी चपलांच्या खोक्यात, बॉक्स फाइलमध्ये, पिझ्झाच्या डब्यात चालणाऱ्या रेल्वे केल्यात, तुझ्याकडे त्यामानाने मैदान आहे.

गाडी करणार काय हा प्रश्न तू पहिल्याच दिवशी विचारलास हे फार बरं झालं, कारण बरेच जण आधी रूळ ठोकतात आणि मग दोन आठवड्यांनी गाडी पुढे मागे करून कंटाळतात. ह्याला इंग्लंडच्या अॅलन राइटने फार सुंदर उत्तर काढून ठेवलंय, इंगलनुक साइडिंग. दोन पॉइंट (रुळाला फाटा फुटतो ती सरकती जागा), तीन साइडिंग. एकीत ५ वॅगन मावतात, बाकी दोघींत ३-३, आणि पुढच्या शंटिंग नेकमध्ये (वॅगनी ओढून घ्यायच्या आखूड रुळावर) इंजिन अधिक ३ वॅगन. एकूण ८ वॅगन ठेवायच्या, त्यातल्या ५ चिठ्ठ्या काढायच्या आणि ज्या क्रमाने चिठ्ठी निघाली त्याच क्रमाने लांब साइडिंगमध्ये गाडी लावायची. क्रम किती होतात माहितीये? ६७२०. रोज एक खेळलास तरी १८ वर्षं पुरतील.

तुला एचओ करायचं असेल तर ह्याचीच छोटी आवृत्ती घे, ३-२-२. पाच वॅगन, तिनाची गाडी, क्रम ६०, आणि प्रदर्शनात लहान मुलांना हीच बरी, दोन-चार मिनिटांत एक डाव होतो. लांबीचा हिशोब असा बसतो. चार चाकी वॅगन कपलिंगसकट साडेनऊ सेंमी धर, छोटं शंटर १२ सेंमी, म्हणजे नेकला, इंजिन अधिक दोन वॅगन, ३१ लागले. पेको ह्या ब्रिटिश कंपनीचा स्मॉल रेडियस पॉइंट साडेअठरा सेंमीचा. आता इथे एक गोष्ट नीट बघ, तिनाची लांब साइडिंग पहिल्या पॉइंटवरून काढायची आणि दोन-दोनच्या दुसऱ्या पॉइंटवरून, म्हणजे दुसरा पॉइंट लांब साइडिंगच्या शेजारी शेजारी जातो आणि लांबी वाचते. ३१ अधिक १८.५ अधिक १८.५ अधिक दोन वॅगनचे १९ आणि शेजारच्या वॅगनला घासू नये म्हणून पाचेक, झाले ९२. मीटरमध्ये आरामात बसतं आणि टोकाला बफरसाठी (रूळ संपतो तिथल्या अडथळ्यासाठी) जागा उरते.

एनमध्ये पूर्ण ५-३-३ ह्याच फळीवर बसेल हे खरं. पण मी तुला एचओच सांगेन. एनचं चार-सहा चाकांचं इंजिन वजनाला हलकं, मुंबईच्या हवेत रूळ जरा मळला की जागीच थांबतं, आणि शंटिंग म्हणजे सगळं काम एकदम हळू, तिथे वजन लागतंच. शिवाय हॉलमध्ये मुलं दोन हातांवरून बघतात, त्यांना वॅगनवरचं पोतं दिसलं पाहिजे.

रूळ ठोकायच्या आधी एक कर. पेकोच्या पॉइंटचे पूर्ण मापाचे कागदी नमुने मिळतात, ते झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढ पण त्याला बजावून सांग की फिट टू पेज नको, शंभर टक्के, आणि तिथेच पट्टी लावून बघ. मग ते पुठ्ठ्यावर चिकटव आणि त्याच्यावर साबणाच्या वड्या नाहीतर काड्यापेट्या वॅगन म्हणून सरकवून आठवडाभर खेळ. मी माझ्या वेळी हे केलं नाही आणि नेक दीड सेंमी आखूड निघाला, म्हणजे दुसरी वॅगन कायम पॉइंटवर अडकलेली, अख्खा रूळ परत उचलायला लागला.


भांडुप_एचओ

काकांशी प्लॅनबद्दल पूर्ण सहमत, पण एक सांगतो जे नवीन माणसाला कोणी सांगत नाही आणि मग सहा महिन्यांनी कळून वाईट वाटतं. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमी. एचओ म्हणजे ८७ पट लहान, म्हणजे रूळ १९.२६ मिमीचा हवा, आणि बाजारात मिळणारा रूळ १६.५ चा, कारण तो बाहेरच्या ४ फूट साडेआठ इंचासाठी बनवलेला. त्यामुळे आपली गाडी समोरून बघितली की चाकं आत ओढल्यासारखी दिसतात. ह्याला दोन उपाय. एक, १६.५ चा रूळ ठेवून बॉडी १०० पट लहान करायची, मग गेज जवळजवळ बरोबर येतो, पण मग माणसं, गाड्या, घरं सगळंच त्या मापात स्वतः बनवायला लागतं. दोन, सोडून द्यायचं. माझ्या मते बीपीटीसाठी दुसराच उपाय, कारण तुमचे रूळ रस्त्यात पुरलेले असणार! डांबर आणि फरशीने दोन्ही बाजू भरून टाकल्या की स्लीपर दिसत नाहीत, आणि लेआउट बाजूने बघायचाय, समोरून नाही. गोदी निवडलीत हे त्या दृष्टीने फार चांगलं झालं.

रस्ता भरताना रुळाच्या डोक्यापेक्षा अर्धा मिमी खाली ठेवा. मी सनबोर्डच्या (फोमच्या हलक्या शीटच्या) पट्ट्या रुळाला समतल लावल्या आणि रूळ पुसायला गेलो की कापड रस्त्यालाच घासायचं, रुळाला लागायचंच नाही.

खर्चाचं पण बघा. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० ला २० ची ६० टक्के झाली आणि २०२३ ला ७०, त्यामुळे बाहेरून पूर्ण सेट मागवायच्या भानगडीत पडू नका. इंजिनाची चासी (चाकं आणि मोटरचा सांगाडा) आणि दोन पॉइंट चांगल्यातले घ्या, त्यात काटकसर नको. बाकी वॅगनच्या बॉड्या, गोडाऊन, कंपाउंड सगळं कार्डशीट आणि सनबोर्डचं घरी होतं, अब्दुल रहमान स्ट्रीटला एक चक्कर मारली की वर्षाचा माल येतो. कागदी वॅगन हलक्या होतात आणि ढकलताना पॉइंटवर उडतात, त्याला एनएमआरए ह्या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेचा हिशोब आहे, एचओला १ औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस, म्हणजे साडेतीन इंचाच्या वॅगनला ७८ ग्रॅमच्या आसपास. मी गळाला लावायचं शिसं कोळ्यांच्या सामानाच्या दुकानातून आणतो आणि आत फरशीला अॅरल्डाइटने चिकटवतो.


ट्रंकेतलं_माथेरान

मी थोडं वेगळं सांगते, लेआउट नेण्याबद्दल, कारण माझा गेली पाच वर्षं नुसता फिरतोय. माझं माथेरान आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. झाकण उघडलं की मागे डोंगर, समोर रूळ, झाकणाच्या आत एलईडीची पट्टी. बंद केली की ती फक्त ट्रंक, लोकलच्या मालडब्यात टोपल्यांच्या शेजारी ठेवून देते, कोणी विचारतसुद्धा नाही आत काय आहे.

स्केल ओओ-नाइन, म्हणजे गाड्या ७६ पट लहान पण रूळ एन स्केलचा ९ मिमीचा. नेरळ-माथेरान दोन फुटी आहे, ६१० मिमी, ते ७६ ने भागलं की ८ येतात, म्हणजे १ मिमीचा फरक, तो मला चालतो. टोमिक्स ह्या जपानी कंपनीचे मिनी रूळ १४० मिमी त्रिज्येचे मिळतात, त्याने ट्रंकेत पूर्ण गोल बसतो, आणि मागचा अर्धा गोल डोंगराखाली लपवलाय, गाडी बोगद्यात जाते आणि थोड्या वेळाने दुसरीकडून येते. १९०७ ची लाइन ती, आदमजी पीरभॉयची, चढ १ ला २०. मी चढ केलेला नाही, सपाट ठेवलाय आणि रुळापुढची जमीन उतरती केलीय, त्याने गाडी चढतेय असंच वाटतं.

वेगाबद्दल सगळ्यांनीच लक्ष द्या. तिथे वेगाची मर्यादा ताशी २० किमी. ते ७६ पट लहान केलं तर सेकंदाला साधारण ७ सेंमी. पट्टी ठेवून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बघा, फार हळू असतं ते, आणि त्याच वेगात छोटा लेआउट मोठा वाटतो. तुमच्या गोदीत तर माणूस झेंडी घेऊन पुढे चालतोय, म्हणजे माणसाच्या चालीचा वेग, ताशी ४-५ किमी, एचओत सेकंदाला दीड सेंमी. तेवढ्या हळू न अडखळता चालणारं इंजिन मिळालं तर तुमची मीटरभर फळी पार करायला एक मिनिट लागेल, आणि लोक ते मिनिटभर बघतात, मी बघितलंय.

सामानाचं म्हणाल तर बाहेरून काही आणू नका. माथेरानची लाल माती जांभ्याची, मी गेरू आणि थोडी काव फेविकॉलच्या पाण्यात कालवून लावली, हुबेहूब तोच रंग येतो. सुकलेलं गवत म्हणजे फुलझाडूचे तुरे कात्रीने बारीक करून. वापरलेल्या चहाचा चोथा तीन दिवस उन्हात कडकडीत वाळवून जंगलाची जमीन होते, पण नीट वाळवा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी येते, माझ्या पहिल्या डोंगराला पांढरी बुरशी आली होती आणि सगळा खरवडून काढायला लागला. आपण सगळ्यांनी लहानपणी दिवाळीचा किल्ला केलाय ना, दगड रचून वर पोती टाकून माती लिंपायची आणि अळीव पेरायचे, तेच हात इथे कामाला येतात. खडीसाठी राखाडी रांगोळी मी वापरून बघितली, दाण्याला ठीक आहे पण रंगवलेली रांगोळी ओली झाली की रंग सुटतो आणि स्लीपर निळसर होतात. त्यापेक्षा बांधकामावरची क्रश सँड चहाच्या गाळणीने चाळा, आणि चाळली की त्यातून लोहचुंबक फिरवा, लोखंडाचा कीस निघतो, तो मोटरमध्ये गेला तर इंजिन संपलंच. चौपाटीची वाळू अजिबात नको, मीठ असतं.

आणि दादा, तुमचा लेआउट एक मीटरचा एक तुकडा करू नका हो. ५०-५० चे दोन करा. एक मीटरची पेटी लोकलमध्ये चढवता येते पण दारात वळवता येत नाही, मागून माणसं ढकलत असतात आणि पेटीचं एक टोक अजून प्लॅटफॉर्मवर.


शिवडी_साइडिंग

सगळ्यांचे खूप आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. एचओ ३-२-२ नक्की केलं. काका, झेरॉक्सवाल्याने पहिली प्रिंट ९६ टक्क्यांची दिली, तुम्ही सांगितलं नसतं तर कळलंच नसतं. पुठ्ठ्यावर दोन दिवस काड्यापेट्या ढकलतोय, मुलगी माझ्यापेक्षा कमी चालींत लावते.

ताईंचं ५०-५० पटतंय, पण मधे जोड आला की रूळ कापायला लागणार आणि तिथे गाडी पडणार नाही का? आणि जोड नेमका पॉइंटच्या मधे येतोय. शिवाय विजेचं कोणी सांगितलं नाही, मला त्यातलं फक्त घरातला बल्ब बदलण्याएवढं येतं.


सोल्डरवाला

जोडाचं सांगतो. आधी प्लॅन इकडे तिकडे सरकवून जोड पॉइंटच्या बाहेर काढ, त्याला पर्याय नाही. तुझ्या हिशोबात नेक ३१ सेंमीचा, पॉइंट तिथून साडेअठरा, म्हणजे पहिला पॉइंट ४९.५ ला संपतो. बफरच्या बाजूला जी जागा उरतेय त्यातली एक सेंमी पहिल्या पॉइंटनंतर टाक आणि फळ्या ५०.५ आणि ४९.५ अशा कर, सारख्या असायला हव्यात असं कुठे लिहिलंय.

आता जोडावर रूळ कसे धरायचे. लॅमिंग्टन रोडला तांब्याचा पत्रा लावलेली पीसीबीची (सर्किट बोर्डाची) कोरी पाटी मिळते, तिच्या सेंमीभर रुंद पट्ट्या काप, प्रत्येक फळीच्या अगदी कडेला एक पट्टी दोन स्क्रूने घट्ट बसव, पट्टीच्या मधोमध तांब्यावर करवतीची एक रेघ मार नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट होतील. फळ्या आधी एकमेकांना जोडून घे, मग रूळ अखंड टाक, पट्टीला सोल्डर कर, आणि सगळ्यात शेवटी बारीक ब्लेडने रूळ जोडावर काप. ह्या क्रमाने केलंस तर रुळाची दोन्ही टोकं समोरासमोरच येतात. आधी कापून मग जुळवायला गेलास तर कधीच जुळत नाहीत. फळ्या जोडायला दोन बाजूंना पिन काढता येणारी बिजागरी लाव, पिन घातली की फळी दर वेळी त्याच जागी बसते.

वीज. १५ व्होल्टचा डीसी अॅडॉप्टर, एक एलएम३१७ (व्होल्टेज कमीजास्त करणारी चिप), त्याला हीट सिंक, एक पॉट (फिरवायचा नॉब), आणि पुढे-मागेसाठी मधे बंद होणारा डीपीडीटी स्विच (तारांची अदलाबदल करणारा). ह्याने सव्वा व्होल्टपासून १२ पर्यंत सुरळीत डीसी मिळतो. तयार पीडब्ल्यूएमचे (वीज झटक्या-झटक्याने देणारे) स्पीड कंट्रोलर स्वस्त मिळतात पण ज्या चासीत कोअरलेस मोटर (आत लोखंडी गाभा नसलेली) आहे तिला ते सोसत नाहीत, मोटर गरम होते, म्हणून मी सांगत नाही. आउटपुटला एक पॉलीफ्यूज (शॉर्ट गेल्यावर आपोआप परत सुरू होणारा फ्यूज) टाक, मुलं रुळावर सेफ्टी पिन ठेवतात.

आणि पॉइंटच्या मधला जो व्ही असतो, फ्रॉग, तो प्लास्टिकचा घेऊ नकोस. छोट्या इंजिनाची चाकं इतकी जवळ असतात की तेवढ्या तुकड्यावर करंट तुटतो आणि नेमकं हळू चाललेलं इंजिन तिथे मरतं, मग माणूस बोटाने ढकलतो आणि सगळी मजा जाते. धातूचा फ्रॉग घे आणि पॉइंट सरकवायच्या दांडीलाच एक मायक्रोस्विच लाव, दांडी सरकली की फ्रॉगची पोलॅरिटी आपोआप बदलते. तीन वायरी आहेत फक्त. जमलं नाही तर कुर्ल्याला ये रविवारी, अर्ध्या तासाचं काम आहे.


जुना_शंटर

सोल्डरवाल्याने जो क्रम सांगितलाय तो भिंतीवर लिहून ठेव. मी प्रदर्शनाचं सांगतो, कारण गणपतीतलं प्रदर्शन म्हणजे वेगळंच प्रकरण आहे.

पहिलं, मूर्तीच्या जवळ टेबल घेऊ नकोस, कितीही आग्रह केला तरी. धूप, कापूर, उदबत्ती ह्यांचा धूर रुळावर बसतो, डोळ्याला दिसत नाही पण बोट फिरवलं की चिकट लागतो, आणि दुसऱ्या आरतीनंतर इंजिन धक्के द्यायला लागतं. दर दोन तासांनी सुती कापडावर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन रूळ पूस, इंजिनाची चाकं पण पूस. आणि विसर्जनाच्या आदल्या रात्रीच लेआउट घरी घेऊन जा. आमच्या सोसायटीत एका वर्षी मी शेवटपर्यंत मांडून ठेवला, मिरवणूक हॉलमधून निघाली, गुलाल उधळला, आणि तो इतका बारीक असतो की इंजिनाच्या बॉडीतून थेट गिअरमध्ये. ग्रीससकट गुलाबी लगदा झाला होता, पूर्ण खोलून पेट्रोलमध्ये धुतला तरी एक गिअर कायमचा गेला.

फळीला एमडीएफ घेऊ नकोस. माझा पहिला सहा मिमी एमडीएफचा होता, जूनमध्ये सरळ आणि ऑगस्टमध्ये मधोमध चार मिमी वर. प्लाय घे आणि वर, खाली, कडा सगळीकडून दोन हात व्हार्निश मार, खालून विशेष, कारण सगळे वरूनच रंगवतात आणि ओल खालून जाते.

आता खेळ. पाच वॅगन पाच वेगळ्या दिसायला हव्यात, लांबून ओळखू आल्या पाहिजेत. धान्याची पोती, कापसाच्या गाठी, कोळसा, लाकूड, आणि एक टँकर. तुझ्याकडे तर लकडी बंदर, कोळसा बंदर अशी नावंच तयार आहेत. पाच पत्ते बनव, प्रत्येकावर त्या वॅगनचं चित्र, मुलाला तीन काढायला सांग आणि मग कंट्रोलर त्याच्या हातात दे. हो, दे. स्पीडचा नॉब अर्ध्याच्या पुढे जाणार नाही असा एक स्क्रू लावून ठेव म्हणजे इंजिन उडणार नाही. कपलिंग सोडवायला पनीर टिक्क्याची बांबूची काडी घे, टोक पेचकससारखं चपटं घास, दोन कपलरच्या मधे घालायची आणि हलकेच फिरवायची, वॅगन सुटते. मॅग्नेटपेक्षा हे बरं, मुलांना हातात काहीतरी मिळतं आणि त्यांना ते शंटरचं काम करतोय असं वाटतं, आणि खरोखर तेच काम आहे ते.

एक आठवण सांगतो. आमच्या हॉलमध्ये एक आजोबा आले, खुर्ची ओढून बसले, पंधरा मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तुमच्या गोदामाचा ओटा खाली आहे. मी म्हटलं म्हणजे? तर म्हणाले, हमाल पाठीवर पोतं घेऊन वाघिणीतून सरळ ओट्यावर पाय टाकतो, त्याला पायरी उतरायला लावाल तर तो संध्याकाळपर्यंत टिकेल का. ते चाळीस वर्षं मालधक्क्यावर होते. मी घरी येऊन मोजलं, माझा ओटा ७ मिमीचा होता. खराखुरा साधारण मीटरभर उंच असतो, म्हणजे एचओत १२. त्याच रात्री कापून पाच मिमीची पट्टी घातली, दुसऱ्या दिवशी ते परत आले, ओट्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली.


भांडुप_एचओ

काका, हा ओटा मी पण चुकवलाय, आत्ता जाऊन मोजला, ८ मिमी. आज रात्री करतो.

शिवडीकर, अजून एक. टेबल ७५ सेंमीचं असेल तर मोठी माणसं वरून छप्परंच बघतात. लेआउटखाली दोन खोकी ठेवून तो १०० ते ११० वर न्या आणि मुलांसाठी एक पाट किंवा स्टूल ठेवा. पुढे २-३ मिमीचं अॅक्रिलिक उभं लावा पण वॅगनच्या उंचीएवढंच, काडी घालायला वरून हात जायला हवा.


ट्रंकेतलं_माथेरान

आणि वर एक फळी आडवी, तिच्या आत दिवा, समोरून डोळ्यावर येणार नाही असा. पिवळसर उजेड घ्या, पांढऱ्याशुभ्र एलईडीत सगळं दवाखान्यासारखं दिसतं. तुमचा मीटरचा बॉक्स ४० वर आहे म्हणालात, मग वरची फळी ३२-३३ ला ठेवा म्हणजे मीटर रीडिंगवाला आला तर लेआउट उचलायला लागणार नाही.

मला एक विचारायचंय, झेंडीवाला माणूस कुठे उभा करणार?


शिवडी_साइडिंग

ताई, हे मी काल वडिलांनाच विचारलं. पुठ्ठ्याचा प्लॅन जमिनीवर ठेवला होता, ते चष्मा लावून खाली बसले, म्हणाले रस्ता इथे, फाटक नव्हतं, तो माणूस इंजिनाच्या पुढे दहा-बारा पावलं असायचा आणि ट्रक थांबवायला उजवा हात असा वर, झेंडी डाव्या हातात. मग पेन्सिलने पुठ्ठ्यावर फुली मारली, नेक जिथे रस्ता क्रॉस करतो तिथे, आणि जरा बाजूला दुसरी फुली मारली. ही काय विचारलं तर म्हणाले, इथे मी उभा राहायचो डबा घेऊन, गाडी जाईपर्यंत.

तर दोन माणसं लागतील, दोन सेंमीचा एक मोठा आणि सव्वा सेंमीचा एक पोरगा, हातात डबा. एचओत एवढ्या मापाचा ॲल्युमिनियमचा डबा कशाचा करू, कोणी केलाय का? प्लाय शनिवारी कापून आणतोय, व्हार्निश खालून आधी. सोल्डरवाला दादा, मी ह्या रविवारी कुर्ल्याला येतो, पॉइंट पोचलेत.


सोल्डरवाला

ये. दोन्ही पॉइंट आण, चासी पण आण. डब्याला एक मिमीची सोल्डरची तार घे, दोन मिमी काप, मधे ब्लेडने एक हलकी रेघ ओढ, दोन कप्प्यांचा डबा दिसतो. वरच्या कडीला वायरचा एक केस.